एचडी टीव्हीसमोरची खुर्ची

बावीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होतो आणि त्या बावीस वर्षांत मला एकदाही गाडी लागली नाही. देवरीहून चिचगडकडे जाणारा जंगलातला रस्ता, खड्डे, वळणं, पुढच्या सीटवर कोणीतरी खिडकीबाहेर मान काढून ओकतंय, आणि मी दांड्याला पाठ टेकवून तिकिटं फाडतोय. ज्यांना गाडी लागायची त्यांची मी भरपूर थट्टा करायचो. "घरून भजे दाबून निघता कायले?" म्हणायचो. एकदा तर एका पेताडाला भर जंगलात उतरवून दिलं होतं. डोळे तांबारलेले, पाय लटपटत होते, दारातच ओकला. मी दोरी दोनदा ओढली, डबल बेल दिली आणि गाडी सोडली. हा किस्सा मी चहाच्या टपरीवर कितीतरी वर्षं रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसायचे.

तर असा मी. आणि मला एचडी टीव्ही लागतो.

जुन्या डबा टीव्हीनं मला कधी काही केलं नाही. गोंदियाला साळ्याच्या, बायकोच्या भावाच्या, घरी तो नवा, मोठा, पातळ टीव्ही आला तेव्हा पहिल्यांदा झालं. मोटारसायकलची शर्यत लागली होती. पाच मिनिटांत कानामागे घाम आला, तोंडाला पाणी सुटलं, पोटात ढवळायला लागलं. मोरीत जाऊन मोकळा झालो आणि साळ्याला सांगितलं, जेवण बाधलं. नंतर गुपचूप डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, डोळ्यांना वाटतं आपण पळतोय, शरीराला ठाऊक असतं आपण बसलोय, त्या दोघांचं जुळत नाही. त्रास होत असेल तर बघू नका. मी हे घरातही कोणाला सांगितलं नाही. कंडक्टरला टीव्ही लागतो हे कळलं असतं तर सोबतच्या लोकांनी मला जगू दिलं नसतं.

पुढे मुलीची सोयरीक आली. ती नर्सिंग शिकून नोकरीला लागली होती. आधीची दोन स्थळं आम्हीच मोडली होती, मुलगे पिणारे निघाले म्हणून. हा तिसरा केशोरीचा, शाळेत शिक्षक. या वेळी मुलगी स्वतःहून म्हणाली, "बाबा, मले हा चालते." असं ती पहिल्यांदाच बोलली होती. मुलाकडच्यांची एकच अट होती. त्यांच्या मोठ्या मुलीचं सासर दारूत बुडालं होतं, त्यामुळे पिणाऱ्या घराशी सोयरीक नको. मी निरोप धाडला, पंचशील मानणारा माणूस आहे मी, थेंबाला शिवलेलो नाही. त्या गोष्टीचा मला गर्वच होता.

आमच्याकडे मुलगी पसंत झाली की मुलीकडचे मुलाचं घर पाहायला जातात. निघताना मुलीनं माझा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला आणि म्हणाली, "बाबा, तिथं कोणावर खेकसू नका." माझा स्वभाव तिला ठाऊक होता.

दुपारी मी आणि साळा केशोरीला पोचलो. "जय भीम जी, या जी, बसा जी," स्वागत झालं. मुलाचे वडील, मोठे काका, आत बायका. ओसरीत मुलाची आजी सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मुलाच्या वडिलांनी बैठकीतल्या टीव्हीवरचं विणलेलं कापड काढलं आणि माझी खुर्ची उचलून थेट त्याच्यासमोर ठेवली. "पोरानं आणला जी. एचडी आहे. पाहा, पानावरची मुंगी दिसते."

पडद्यावर हेलिकॉप्टर जंगलावरून चाललं होतं. एकदम खाली आलं, वळलं, नदीवरून सुसाट निघालं. माझ्या पोटानं लगेच नोंद घेतली.

मी नजर काढून खिडकीखालच्या भिंतीवर रोवली. तिथं ओल येऊन एक चीर पडली होती. तिच्याकडेच टक लावून बसलो. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "ते पावसाळ्यात पाणी झिरपते जी. लग्नाच्या आधी करून घेतो." घर पाहायला आलेला माणूस भिंतीच्या चिरा मोजतोय असं त्यांना वाटलं. "नाही नाही, भिंत चांगली आहे," म्हणत मी घाईघाईनं पुन्हा टीव्हीकडे वळलो. आता नदी संपून एक जीप डोंगराच्या कडेनं उड्या मारत होती.

"बंद करा" एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण माणसानं इतक्या कौतुकानं दाखवलेली वस्तू बंद करा कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर माझा अहंकार आडवा आला. मला काहीही लागत नाही, हेच तर मी आयुष्यभर सांगत आलो होतो.

पोहे आले. फोडणीचा वास नाकात गेला. दोन घास कसेबसे गिळले, वरून चहा घेतला. शर्ट पाठीला चिकटला. काका काहीतरी विचारत होते, मी उत्तर देत होतो, काय देत होतो कोण जाणे. दात आवळून मी एक, दोन, तीन असे आकडे म्हणत होतो. जीप कड्यावरून खाली झेपावली आणि मी उठलो. जमीन तिरपी झाली. बशी हातून सुटून फुटली, कपाळ चौकटीवर आपटलं, आणि कसाबसा अंगणातल्या हातपंपापाशी पोचून मी भडाभडा ओकलो.

मागे सगळे दारात येऊन उभे होते. काका म्हणाले, "पेऊन आले वाटते."

"पेत नाही जी ते, खरंच," साळा म्हणाला.

"हो, कोणीच पेत नाही."

"मले टीव्ही लागला," मी म्हणालो. बोललो आणि कळलं, बेवडाच असलं काहीतरी सांगतो. आतून कोणीतरी फिसकन हसलं. मुलाचे वडील खाली बघत म्हणाले, "आमची एकच अट होती जी."

एरवी मी त्या काकाला उभा फाडला असता. त्या दिवशी राग आलाच नाही, फक्त भीती वाटली. मुलीनं इस्त्री केलेल्या शर्टावर डाग पडला होता आणि 'मले हा चालते' हे तिचे शब्द कानात घुमत होते. माझ्या खोट्या तोऱ्यापायी तिचं घर उभं राहण्याआधीच मोडत होतं.

तेवढ्यात ओसरीतली आजी गुडघ्यावर हात ठेवत उठली आणि पाण्याचा लोटा घेऊन आली. मी हात पुढे केला. तिनं लोटा मागे घेतला.

"चूळ नका भरू अजून. तोंड उघडा. हा करा."

पन्नाशीतला मी, भरल्या अंगणात तोंड उघडून उभा राहिलो. तिनं नाक माझ्या तोंडाशी आणलं. तशा घाणीतही ती मागे सरली नाही. पुन्हा म्हणाली, "अजून एकदा." मी पुन्हा केलं.

"पोहे अन् चहा," ती काकांकडे वळून म्हणाली. "दारू नाही. तुया बापानं तीस वर्षं पेली, मले वास शिकवून राहिला का तू? तो टीव्ही बंद कर आधी." मग तिनं माझ्या हातावर पाणी घातलं. मी चूळ भरली.

सोयरीक त्याच बैठकीत पक्की झाली. परतताना कोहमाऱ्याला बस बदलली. जागा असूनही मी उभाच राहिलो. साळा रस्ताभर हसत होता. मी त्याला ओरडलो नाही.

घरी मुलगी दारातच होती. "घर कसं आहे, बाबा?"

"चांगलं आहे. आजी लय शहाणी आहे."

तिनं शर्टावरचा डाग पाहिला. काय झालं ते मी सगळं सांगितलं, टीव्ही लागतो हेसुद्धा. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मीही हसलो. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, तिला नाही आणि आजवर कोणालाच नाही.

चिचगडच्या रस्त्यावर उतरवलेल्या त्या माणसाच्या अंगातही धुतलेला पांढरा शर्ट होता. खाली उतरूनही तो दाराचा दांडा धरून उभा होता. "मी पेलो नाही साहेब," म्हणत होता. "तोंडाचा वास घ्या ना." त्यानं तोंड उघडून माझ्याजवळ आणलं होतं. मी मान फिरवली आणि दोनदा दोरी ओढली.