टाचेला लागलेली ओल

ओल्या प्लायवूडचा कुजका वास आला की मला मुलाची ती घरासारखी गाडी आठवते. आत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणी, सगळं होतं. कडोदऱ्याचे कापड विणायचे दोन्ही लूम विकून तो ती जुनी गाडी घेणार होता, लग्नवाल्यांना भाड्याने द्यायला. पैसे देण्याआधी मला दाखवायला घेऊन गेला. मुलगा आणि गाडी विकणारा बूट घालूनच चढले, मी सवयीने चपला बाहेर काढल्या. न्हाणीपाशी नव्या गालिच्यावर माझी टाच टेकली, तर खालची फळी दबली. जमीन सारवण्यात माझा जन्म गेला, ओल मला पायालाच कळते. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, आता गडावर देवीला झोपून जायचं, राणीसारखं!" लूम बंद पडल्यापासून तो असा हसला नव्हता. मी म्हटलं, "राणीला आधी चहा पाज." विकणारा गुजरातीत म्हणाला, "माजी, गाडी चकाचक छे!" पैसे दिले गेले. महिन्याभरात गॅरेजात गालिचा उचलला, तर खालचं लाकूड हातात चुरा होऊन आलं. मग छताची गळती निघाली, मग बॅटऱ्या, टायर, आणि गाडी उभी करायच्या जागेचं भाडंही. मुलाने कुजका तुकडा हातात धरून विचारलं, "आई, तू तर अनवाणी होतीस. तुला काही जाणवलं नाही?" मी म्हटलं, "नाही रे." गाडी आता नीट झाली आहे. तो मला तिच्यातून गडावर नेतो. पलंग मऊ आहे, पण मला झोप लागत नाही.