पंचगंगेवरच्या नावेचे प्रकरण: एक दुरुस्ती

"ती घटना आठवली की आजही हसू येते. अभियंता चौकशीत पुरता कोसळला होता, कबुली अगदी ओठांवर आली होती. पण आमचे साहेब मराठी आणि तोही मराठी. बंद खोलीत आपल्या भाषेत दोघांचे काय बोलणे झाले, ते त्यांनाच ठाऊक. पुढे तक्रारदारावर दबाव आला, त्याने तक्रार मागे घेतली आणि प्रकरण गंगार्पण झाले."

हा उतारा बनारसच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळाने काढलेल्या स्मरणिकेतला आहे. मूळ हिंदी आहे, भाषांतर माझे. लिहिणारे गृहस्थ त्या वेळी माझ्या हाताखाली उपनिरीक्षक, म्हणजे इकडच्या बोलीत दरोगा होते. त्यातले "साहेब" म्हणजे मी. संपादकांना मी दुरुस्ती पाठवली, तेव्हा "अगले अंक में देखेंगे, सर" असे उत्तर आले. पुढचा अंक निघेपर्यंत गप्प बसण्याचा माझा स्वभाव नाही. म्हणून मराठी वाचकांसमोर मांडतो. आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या या शहरात गेल्या, तरी घरातली भाषा मराठीच राहिली. त्याच भाषेचा माझ्यावर आरोप म्हणून वापर झाला आहे.

मलाही ती घटना आठवते. मला हसू येत नाही.

आधी प्रकरण काय होते ते सांगतो, कारण स्मरणिकेच्या लेखकाला ते तेव्हाही कळले नव्हते. आपल्या फोनवर बँकेचे, रेल्वेचे, मंदिराचे संदेश येतात. पूर्वी ते साध्या एसएमएसने येत. आता मोबाईल कंपन्या ते इंटरनेटवरून पाठवू लागल्या आहेत. त्यात संस्थेचे बोधचिन्ह असते, चित्र असते, खाली बटणे असतात आणि संदेश पोहोचला की नाही, वाचला की नाही, हे पाठवणाऱ्याला समजते. ही यंत्रणा मोबाईल कंपनी स्वतः उभारत नाही. ती पुरवठादाराकडून घेते. आमच्या भागातल्या एका मोबाईल कंपनीला असा पुरवठादार निवडायचा होता आणि शर्यतीत तिघे होते. एकदा निवड झाली की पूर्वांचलातल्या लाखो लोकांचे संदेश वर्षानुवर्षे त्या एकाच्या हातून जाणार होते. बनावट संदेश कोण अडवणार, बँकेचा संकेतांक वेळेवर कोण पोहोचवणार, हे त्या निवडीवर अवलंबून होते.

चाचणीसाठी त्यांनी बनारस निवडले, आणि बरोबर निवडले. इथल्या गल्ल्यांत इंटरनेट पाच पावले असते आणि पुढच्या पाच पावलांत नसते. चाचणीला गुण देण्याचे काम एका अभियंत्याकडे होते. तो पंचगंगा घाटावरच्या मराठी वस्तीत वाढलेला. वडील संस्कृतचे शिक्षक होते. मी त्या घराला ओळखत नव्हतो. बनारसमधली सगळी मराठी माणसे एका पंगतीला जेवतात, असा काही लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

खबर फोनवरून आली, निनावी. अभियंता पंचगंगा घाटाखाली एका पुरवठादाराच्या माणसाबरोबर नावेत बसून सौदा करतो, एवढीच. पाठोपाठ दुसऱ्या पुरवठादार कंपनीचा प्रादेशिक व्यवस्थापक लेखी तक्रार घेऊन आला. त्याच्या कंपनीची चाचणी सर्वांत चांगली झाली असताना अभियंत्याने तिला सर्वांत कमी गुण दिले होते. प्रतिस्पर्ध्याशी संधान बांधल्याशिवाय असे होणार नाही, असा त्याचा दावा. माणूस लखनौचा, अदबीचा, पण रागाने थरथरत होता. खोट्या तक्रारदाराला राग साधत नाही. त्याचा आवाज चढतो, हात मात्र स्थिर राहतात. याचे हात कापत होते. हे मी तेव्हाच दरोगांना सांगितले. ते म्हणाले, "तो फिर इंजीनियर झूठा है, सर. दो में से एक तो होगा ही."

मोबाईल कंपनीने अभियंत्याला निलंबित केले. मी त्याला ठाण्यात बोलावले. आता त्या बंद खोलीविषयी.

खोली बंद नव्हती. तिच्या दाराची कडी मोडलेली होती आणि दार विटेने अडवून उघडे ठेवावे लागे. दरोगा दारातच उभे होते. अभियंता समोर बसला आणि हात जोडून म्हणाला, "काका, मी काही केलेलं नाही हो."

त्या दिवशी ठाण्यात मराठीतले एकच वाक्य मी बोललो, आणि ते असे: "इथं मी काका नाही, आणि इथं हिंदीत बोलायचं."

त्याचा चेहरा पडला. पुढची सगळी चौकशी हिंदीत झाली. तिचा मराठी गोषवारा देतो.

"नावेत कोणाबरोबर होतात?"

"तिन्ही कंपन्यांच्या माणसांबरोबर, साहेब. वेगवेगळ्या दिवशी. नदीच्या मध्यावर फोन या काठाचा टॉवर सोडतो आणि त्या काठाचा पकडतो. तिथे संदेश अडकतो का, ते पाहायचे होते."

"आणि या कंपनीचा अडकला?"

"अडकला. गल्लीतही अडकला. इंटरनेट नसेल तर संदेश आपोआप साधा एसएमएस होऊन गेला पाहिजे. यांचा जातच नव्हता. पण त्यांच्या अहवालात सगळे पोहोचलेले, सगळे वाचलेले."

"म्हणून गुण कापलेत?"

"इतका चांगला निकाल बनारसमध्ये येऊच शकत नाही, साहेब."

"हा पुरावा आहे?"

त्याला रडू फुटले. मग म्हणाला, "नाही. नोंदी त्यांच्या हातात, माझ्याकडे नुसते डोळे. पण मग मी काय करायचे होते? खोटे वाटते त्याला पूर्ण गुण द्यायचे?"

याला माझे माजी सहकारी कोसळणे म्हणतात. रडला, हे खरे. निर्दोष माणसेही रडतात. उलट सराईत गुन्हेगाराला मी ठाण्यात फार क्वचित रडताना पाहिले आहे. तो आधी चहा मागतो.

नाववाल्याला बोलावले. त्याने तिन्ही फेऱ्या सांगितल्या, आणि वर तक्रारही केली. "सौदा काहे का, हुजूर? मुँह से एक बात नहीं निकली. तीनों दिन फोन में घुसे रहे. गंगाजी के बीच में जाकर गंगाजी को नहीं देखा. ऐसी सवारी मैंने कभी नहीं ढोई."

दरोगा हसले. नंतर मला म्हणाले, "सर, नाववाला सिखाया हुआ है."

शिकवलेला साक्षीदार हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात रुतून बसला. शिकवलेला साक्षीदार कसा ओळखावा, हे मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो. खरा साक्षीदार अडखळतो, विसरतो, रंग चुकवतो. शिकवलेल्याला सगळे आठवते. नाववाला तर दिवस आणि माणसे यांची गल्लत करत होता, तो शिकवलेला नव्हता. मग या प्रकरणात सगळे बिनचूक आठवणारे कोण होते? तक्रारदार कंपनीचा अहवाल. अभियंता आपल्या भाषेत नेमके हेच सांगत होता. पण मला तरी याहून जास्त काय ठाऊक होते? संशय त्याच्याकडेही होता आणि माझ्याकडेही. पुरावा दोघांकडेही नव्हता.

ते दिवस अस्वस्थतेत गेले. वरून फोन येत होते: अटक का होत नाही, आडनाव पाहून थांबला आहात का? मी खुर्चीत बसू शकत नव्हतो. ठाण्यातून निघावे, दशाश्वमेध घाटापर्यंत चालत जावे, परत यावे, आणि टेबलावर तोच अहवाल. तिन्ही कंपन्यांचे अहवाल मी मागवून घेतले होते. एका श्रावण सोमवारी सकाळी मोबाईल कंपनीने चाचणीतल्या मंडळींना दर्शनाला नेले होते. कर्मचारी, काही दुकानदार, पुरवठादारांची माणसे, असा गट होता. त्याच फोनांवर तिन्ही कंपन्यांनी आपापल्या यंत्रणेतून दर्शनरांगेची माहिती पाठवली. दोन कंपन्यांच्या अहवालात बरेच संदेश नुसते "पोहोचला" म्हणून पडून होते. "वाचला" अशी नोंद दुपारकडे. तक्रारदार कंपनीच्या अहवालात मात्र प्रत्येक संदेश गेला आणि लगेच वाचला गेला. मी पुनःपुन्हा पाहत होतो. काहीतरी समोर होते आणि दिसत नव्हते.

दिसले ते घरी. नागपूरहून मेहुणी आली होती. तिला घेऊन सौ. मंदिरात गेली. मी काही कामासाठी फोन करत होतो. घंटी जाते, उचलत कोणी नाही. आधीच मन थाऱ्यावर नव्हते, त्यात हे. दोघी परतल्या तेव्हा मी दारातच उभा होतो.

"फोन कशाला बाळगता, उचलायचा नसेल तर?"

"अहो, लॉकरमध्ये होता ना," सौ. म्हणाली. "आत फोन नेऊ देतात का? फूलवाल्या भैयाने ताला लावला, चाबी हातात दिली, मग आरामात दर्शन. आणि म्हणे बनारसचे पोलीस."

मेहुणी हसली. मी चप्पल घातली.

"आता कुठे? खाना तयार आहे."

"ठाण्यात."

मंदिरात मोबाईल नेता येत नाही, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. प्रत्येक भाविक बाहेरच्या दुकानातल्या छोट्या कपाटात फोन ठेवतो आणि किल्ली घेऊन आत जातो. इतके रोजचे आहे की डोळ्यांना दिसेनासे होते. कपाटातल्या फोनवर संदेश पोहोचू शकतो. कपाटातला फोन संदेश वाचू शकत नाही. बाकी दोन कंपन्यांचे अहवाल अडखळत होते, कारण ते खरे होते. तिसऱ्या कंपनीचे तंत्रज्ञ दिल्लीकडच्या कार्यालयात बसून "वाचला" अशा खोट्या नोंदी भरत होते. निकाल चांगला दिसावा, इतकाच हेतू. चाचणीतली माणसे त्या वेळी बेलपत्राची टोपली घेऊन रांगेत उभी असतील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

दुसऱ्या दिवशी मी तक्रारदार व्यवस्थापकाला बोलावले. तोही त्या गटात होता. त्याच्या कंपनीचा अहवाल उघडून मी त्याचा स्वतःचा नंबर त्याच्यापुढे धरला.

"हा संदेश तुम्ही वाचलात?"

त्याने वेळ पाहिली. "उस समय तो हम अंदर थे. गर्भगृह के सामने."

"फोन?"

"फोन तो बाहर..." एवढे बोलून तो थांबला. पाणी मागितले, पण प्यायला नाही. मग अतिशय हळू आवाजात म्हणाला, "हमारे ही लोगों ने हमें बेवकूफ बनाया."

स्मरणिकेत याला दबाव म्हटले आहे. त्या माणसाने माझ्या समोर तक्रार मागे घेतली, आणि त्याच बैठकीत आपल्या मालकांविरुद्ध जबाब दिला. त्याने नोकरी पणाला लावली. जाताना बाहेर बाकावर बसलेल्या अभियंत्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाईसाहब, आपने हमारे नंबर ठीक ही काटे थे. गलत तो मैंने आपका नंबर काटा." अभियंता उठून उभा राहिला. पुढे तो कामावर रुजू झाला. त्या कंपनीला काम मिळाले नाही. माझ्याशी म्हणाल, तर तो आजही रस्त्यात भेटला की हिंदीतच बोलतो. त्याचा तो अधिकार आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले? आकड्यालाही साक्षीदारासारखे उभे करून विचारावे लागते: तेव्हा तू कुठे होतास, कोणी पाहिले, दार उघडे होते की बंद? आणि दुसरे असे, की माणसाला वाचवायला त्याची भाषा लागत नाही. त्या अभियंत्याला एका लखनौच्या माणसाच्या प्रामाणिकपणाने वाचवले.

तरीही माझे माजी सहकारी म्हणतील की लॉकरची गोष्ट मराठी डोक्यातून निघाली, कोण जाणे फोन खरोखर आत होते की नाही. ठीक आहे. मला सोडा, माझ्या बायकोला सोडा, अभियंत्यालाही सोडा. व्यवस्थापक त्या दिवशी पाणी न पिता बसला होता तेव्हा मी त्याला शेवटचा प्रश्न विचारला होता: फोन कपाटात कोणी ठेवले? तो म्हणाला, गट मोठा होता, मोबाईल कंपनीने सोबतीला पोलीस अधिकारी मागितला होता, त्या अधिकाऱ्यानेच सगळ्यांचे फोन गोळा करून एका कपाटात बंद केले. मी दारात विटेशेजारी उभ्या असलेल्या दरोगांकडे वळलो. त्या सोमवारी गटाबरोबर बंदोबस्ताला तेच होते. "दर्शन होईपर्यंत किल्ली कोणाकडे होती?" मी विचारले. त्यांचा हात आपोआप वर्दीच्या डाव्या खिशावर गेला.

"मेरे पास, सर."