गौरीच्या फ्रीजमधली कुपी

लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसायची माझी लायकी नाही, हे आधीच मान्य करतो. झाशीत वाढलो, शाळा हिंदीत झाली, मराठी फक्त घरात. आमच्याकडे कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, त्यामुळे लिहिलेले तपासून द्यायलाही घरात कुणी नाही. कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे. पण ती गोष्ट आठवली की मला अजून एकटा असतानाही हसू येते, आणि ती कुणाला तरी सांगावी असे फार दिवस वाटते आहे.

बाबा भुसावळहून बदलून आलेले, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. मी एम.एस्सी.ला होतो आणि माझा विषय होता लेप्टिन. शरीरातली चरबी हा हार्मोन रक्तात सोडते. साठा पुरेसा आहे, आता खाणे आवर, असा निरोप तो मेंदूला देतो. घरी हे समजावून सांगितले तेव्हा बाबा माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "म्हणजे तुझ्यात तो अजून तयारच झालेला नाही. वाढ गं त्याला अजून एक पोळी."

हिवाळाभर गरौठ्याच्या बाजूला हिंडून मी शेळ्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. काही शेळ्या भरपूर चाऱ्यावरच्या, काही अर्धपोटी. त्यांच्यातले लेप्टिन ओळखायला प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, लागते. माझे प्रतिपिंड सशाच्या रक्तातून काढलेले होते. ते फक्त लेप्टिनलाच चिकटायचे, आणि त्याला रंग आणणारे एन्झाइम जोडलेले होते. प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या बारीक खळग्यांत नमुने घालायचे, त्यावर हे सोडायचे. लेप्टिन असेल तर खळगा शेवटी पिवळा होतो, जितके जास्त तितका गडद; नसेल तर पाण्यासारखा राहतो. करंगळीच्या पेराएवढी त्या प्रतिपिंडाची कुपी परदेशातून यायला कित्येक महिने लागले होते. दुसरी मागवायची म्हणजे माझे वर्ष गेलेच.

चैत्रात कॉलेजातल्या आमच्या विभागाचा ट्रान्सफॉर्मर जळला. माझ्या गाईड मॅडमनी मला बोलावले. "रेलवे कॉलोनी में तो बिजली नहीं जाती न? घर ले जाओ. नीचे वाले खाने में रखना. बस जमने मत देना. जम गई तो समझो गई."

मी कुपी घरी आणली. आईने विचारले, "औषध आहे का?"

मी शिकलेला, खरे बोलणारा. म्हणालो, "नाही गं, सशाच्या रक्तातून काढलेलं असतं."

"सशाच्या?" आईने पदर सावरला. "बिचारा!" एवढेच म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आईने ही हौस दतिया गेटकडच्या जुन्या मराठी घरांतून उचललेली. तिथल्या बायका बोलवायच्या, म्हणून हिनेही गौर मांडायला सुरुवात केली, आणि आता कॉलनीतल्या सगळ्या हिंदी बायका कैरीच्या डाळीसाठी वर्षभर वाट बघत. पन्ह्याला बर्फ कमी पडेल म्हणून मला बिजौलीच्या बर्फाच्या कारखान्यात पिटाळले. गोणपाटात लादी गुंडाळून परत आलो तर पुढची खोली बायकांनी भरलेली. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडला. खालच्या खणात पन्ह्याची पातेली, डाळ, भिजवलेले हरभरे. कुपी नाही.

"वर ठेवलीय," आई आनंदाने म्हणाली. "खाली सगळं गौरीचं. त्यात सशाचं रक्त कसं राहू देऊ? वर एकटी आहे, आणि थंडावाही जास्त. तुझंच भलं."

वरच्या बर्फाच्या कप्प्यात कुपी पांढरी, दगडासारखी.

शेजारची चाची मागून डोकावली. "काए लला, फ्रिज में का ढूँढ़ रए?"

मी कुपी बाहेर काढली. आईने माझ्या हातातली कुपी पाहिली, मग माझा चेहरा. "मेली का रे ती?"

"माहीत नाही, आई."

फोन चाचीकडेच होता. सगळे ऐकून मॅडम म्हणाल्या, "रोओ मत. बर्फ के पानी में रखो और ले आओ. यहाँ बिजली आ गई है." थर्मासमध्ये कुपी घालून मी सायकल हाणली. मॅडमनी थर्मास घेतला आणि माझे हात बघितले. "इन हाथों से तो तुम सब गिरा दोगे. आज टेस्ट मैं करूँगी. तुम घर जाओ, फोन कर दूँगी."

घरी हळदीकुंकू आटोपले होते. आई गौरीसमोर बसून होती, सकाळपासून उपाशी.

"ती वाचली तरच जेवीन."

"अगं, ती आजारी नाहीये!"

बाबा कामावरून आले, सगळे ऐकले आणि गंभीरपणे म्हणाले, "आज हिचं लेप्टिन फार वाढलंय." आईने त्यांच्यावर पळी उगारली. आणि मग आधी तीच हसली, मग मी, आणि घाबरलेल्या माणसांना कधी कधी होते तसे आम्हा तिघांनाही हसू आवरेना. बाबांनी उरलेले पन्हे ओतले. आईने पेला हातात धरला, पण ओठांना लावला नाही.

तेवढ्यात चाची दारात आली. चेहरा पार उतरलेला. दाराची चौकट धरून ती उभी राहिली, आत यायला धजेना.

"लला, तुमाई मैडम को फोन आओ तो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कै रईं कि पेट भर चारा खाने वाली सब की सब खूब पीली पड़ गईं. भूखी वाली बस तनक-तनक, थोड़ी सी. अब का हुइए उन बेचारी बकरियन को?"