पडेलनं पडायला नकार दिला, ती रात्र

पडदा वर जातो. मागे पुठ्ठ्याचा किल्ला, एका बुरुजाचा रंग उडालेला. उजवीकडे सिंहासनावर राजकन्या म्हणून मी. नाकाला खाज सुटलीय, पण हलायची सोय नाही. आणि मधोमध माझ्यापायी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन चिलखती सरदार. त्यातला जो हरायचा, त्याची ही गोष्ट.

दिवसा तो सुतार. खुर्च्या, खिडक्या, आणि आमच्या लाकडी तलवारीही त्याच्याच हातच्या. संध्याकाळी रंगमंचावर मरायचा. नाटक कुठलंही असो, द्वंद्वात हार त्याचीच; म्हणून मंडळी त्याला 'पडेल' म्हणत. पण काय पडायचा! झाड कोसळावं तसा, आणि खरचटणंसुद्धा नाही.

आमचे तालीममास्तर सांगायचे, "द्व म्हणजे दोन. ते दोनदा म्हटलं की द्वंद्व. मूळ अर्थ जोडी. ऊन-सावली, सुख-दुःख, तशी जोडी. लढाई त्यात मागाहून शिरली. जोडीदार विसरलात, की ती नुसती खाटीकगिरी." म्हणून त्यांनी आमच्यात एक रीत घातली होती. तलवारी एकमेकींना टेकवायच्या, डोळ्यांत बघायचं, एकानं हळूच म्हणायचं, "दोन", दुसऱ्यानं म्हणायचं, "दोन". मगच हात उचलायचा.

मास्तर गेले आणि नायकाच्या जागी मालकांचे जावई आले. त्यांची नजर कायम प्रेक्षकांत. आदल्या प्रयोगात न बोलताच त्यांनी वार केला, आणि पडेलच्या डाव्या हाताची बोटं वांग्यासारखी सुजली.

त्याची बायको आमचे कपडे शिवायची. चिलखताखाली कापसाची बंडी चढवताना ती म्हणाली, "अहो, उजवा हातही गेला तर रंधा काय पायानं मारणार?"

"अगं, बोलतो त्यांच्याशी."

बोलला. जावई आरशात मिशी चिकटवत होते. "कोण हरणार ते पोराटोरांनाही ठाऊक आहे. तुझ्याशी काय बोलायचं?"

प्रवेश सुरू झाला. तलवारी टेकल्या. पडेल म्हणाला, "दोन." जावयांनी गच्च भरलेल्या थिएटरकडे एक झोकदार नजर टाकली आणि हात उगारला.

पडेल दोन पावलं मागे सरला. तलवारीचं टोक त्यानं जमिनीला टेकवलं, आणि उभा राहिला.

वार हवेत गेला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, पड की लवकर! घरी जायचंय!" हशा पिकला. जावयांची मिशी घामानं एका बाजूनं सुटली.

"पड ना!" ते दातओठ खात पुटपुटले.

"आधी बोला."

"सासऱ्यांना सांगून हाकलून देईन!"

"द्या. पण आत्ता बोला."

विंगेत मालक दोन्ही हात नाचवत होते. पडदा ओढणाऱ्यानं दोरी धरली, पण ओढेना. मास्तरांच्या हाताखालचाच तो. मला सिंहासनावरून उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. राजकन्येला ते शोभलं नसतं, म्हणून पदर तोंडात कोंबला.

शेवटी जावयांनी मान वळवली. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "दोन," ते म्हणाले. घाबरल्यामुळे इतक्या मोठ्यानं, की बाल्कनीपर्यंत ऐकू गेलं.

मग काय लढले दोघे! लाकडाच्या ठिणग्या पडतील असं वाटलं. आणि पडेल असा पडला, की घरी जायची घाई असलेला तो माणूसही उभा राहून शिट्ट्या मारू लागला.

रंगपटात मालक वाटच बघत होते. "भर नाटकात माझ्या जावयाचा पाणउतारा? त्याचे पाय धर, नाहीतर उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

बायको बंडीच्या गाठी सोडत होती. तिचा हात थांबला. पडेलनं स्वतःच उरलेली गाठ सोडली, बंडी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "मालक, रोज मरायला मी तयार आहे. पण माझ्याकडे न बघता मला मारायचं असेल, तर दुसरा माणूस बघा."