सूपची वाटी

मिसो सूपचा वास आला की दुबईच्या देईरामधली ती दुपार आठवते. गावाहून नोकरीसाठी आलेल्या आतेभावाला स्वस्त जपानी सेट मील खायला नेलं होतं. त्यानंतर जबल अलीत त्याची मुलाखत होती. सूपची वाटी रिकामी झाली की फिलिपिनो वाढणारी ती पुन्हा भरायची, आणि पानात टाकायचं नाही म्हणून हा ती पुन्हा संपवायचा. “अरे, वाटीत थोडं राहू दे, म्हणजे ती थांबेल. यल्ला, ऊठ,” मी म्हणालो. “एवढा आग्रह करतेय बिचारी, तिला वाईट वाटेल,” तो म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. तो महिनाभरात गावी परतला. अजूनही फोनवर विचारतो, “त्या ताई भेटतात का रे?”