अंथरायचं की पांघरायचं

आमच्या सांगलीतला महेंद्र बनसोडे जन्माचा संशयी. दूधवाल्यानं पाणी घातलंय, एसटीचा ड्रायव्हर पेंगतोय, शेजारी मुद्दाम हसला, असलं त्याचं दिवसभर चालू. मी त्याचा जुना मित्र, पण त्याची बारीक नजर माझ्यावरही असायचीच. पुण्यात नोकरी करताना तो जपानी शिकला, इंग्रजीतून जपानीत भाषांतरं करू लागला आणि तिथं मात्र हा स्वभाव कामाला आला. इंग्रजी शब्दावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

शहाण्णव सालची गोष्ट. एका व्यापाऱ्याला धनगरी घोंगडी जपानला पाठवायची होती. सोबतचं माहितीपत्रक जपानीत करायचं काम महेंद्रकडे आलं. इंग्रजीत लिहिलं होतं, घोंगडं 'स्प्रेड' करा. महेंद्र तिथंच अडला.

"पावावर लोणी लावायचं तर जपानीत नुरु. खाली अंथरायचं तर शिकु. अंगावर पांघरायचं तर काकेरु. ह्या बाबाला नक्की करायचंय काय?"

व्यापारी म्हणाला, काहीही लिहा. मीही वैतागून तेच म्हणालो. पण विणणाऱ्याला विचारल्याशिवाय लिहीन तर शपथ, असा हट्ट धरून महेंद्रनं मला आटपाडीकडच्या एका वाडीवर ओढत नेलं.

विणणारा बिराप्पा मागावर बसला होता आणि त्याची आई धोंडुबाई ओट्यावर लोकर कातत होती. महेंद्रनं उभ्या उभ्याच सरबत्ती सुरू केली. पावसात कसं घेता? निजताना? पाहुणा आल्यावर? बिराप्पाचे डोळे बारीक झाले.

"आवं, तुमाला एवढं कशाला पायजे? गिरणीत काढून आमचा धंदा बुडवताय व्हय?" मग जरा थांबून त्यानं विचारलं, "आडनाव काय म्हणलासा?"

"बनसोडे. आम्ही बौद्ध." महेंद्र हे कुठंच लपवत नसे.

बिराप्पा उठून आत गेला. महेंद्रचा चेहरा उतरला. लहानपणी एका दारात त्याच्या वडलांना बसायला वेगळं पोतं टाकलेलं त्यानं पाहिलं होतं. "बघ, आता पोतं येतंय," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

आलं ते काळंभोर घोंगडं. बिराप्पानं ते ओट्यावर अंथरलं. "बसा. मग काय इचारायचं ते इचारा."

महेंद्र अवघडून बसला. चहा झाला. पाहुण्याला आणि देवाला घोंगडं मानानं अंथरतात, हे कळलं. म्हणजे शिकु. काम झालं, आम्ही निघालो.

वाटेत महेंद्र म्हणाला, "आपली पाठ वळली की त्या घोंगड्यावर पाणी शिंपडतील."

मला रागच आला. त्या माणसानं एवढ्या मानानं बसवलं आणि ह्याचं आपलं तेच! पेन राहिल्याचं निमित्त काढून तो माघारी वळला, मीही मागोमाग गेलो.

ऊन कललं होतं, माळावर गार वारं सुटलं होतं. ओट्यावर धोंडुबाई एकटीच बसली होती. तेच घोंगडं तिनं डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतलं होतं.

"आजी, हे मी बसलेलं..." महेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय की रं लेकरा. लय गारठा सुटलाय. तुजी ऊब हाय अजून ह्यात."

पेनाचं नाव न काढता महेंद्र तिच्याशेजारी ओट्यावर बसला आणि बाहीनं डोळे पुसू लागला. पत्रकात त्यानं दोन्ही क्रियापदं लिहिली. आधी पांघरायचं ते काकेरु.