मीनलताईंचा बॉयलर

मीनलताई अनोळखी माणसाच्या दाराची बेल बिनदिक्कत वाजवायच्या. जर्मनीत सख्ख्या मित्राकडे जायचं तरी आधी वेळ ठरवावी लागते. पण कार्ल्सरूहेच्या आमच्या वसाहतीत ही मराठी बाई कुणाच्याही फाटकाशी उभी राहून शांतपणे विचारायची, "माफ करा, एक विचारायचं होतं." आणि गंमत म्हणजे लोक दार उघडायचे. आता आम्ही हॅम्बर्गला राहतो, पण ताईंची आठवण निघाली की त्या मला अशाच, कुणाच्या तरी दारात उभ्या दिसतात.

त्या आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायच्या. यजमान अचानक गेले, तेव्हा नाशिकचे नातेवाईक म्हणाले, अण्णांना आता इकडे पाठवून दे. अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. ताईंनी एवढंच विचारलं, "अण्णा, तुम्हाला जायचंय का?" अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं. तो विषय तिथेच संपला.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर अण्णांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठले की गरगरायचं, जेवण जायचं नाही. वय झालं, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. अशात शोर्नश्टाइनफेगर आला. घराघरांतली धुराडी आणि बॉयलर तपासणारा हा सरकारमान्य माणूस. काळ्या कपड्यातला तो मनुष्य तळघरात उतरला आणि घाईघाईने वर येऊन म्हणाला, "खिडक्या उघडा. आधी त्या आजोबांना बाहेर न्या."

जुन्या गॅस बॉयलरचा विषारी धूर धुराड्यातून बाहेर जायच्या ऐवजी घरात झिरपत होता, आणि अण्णांची खोली तळघराच्या बरोबर वर होती. हॉस्पिटलात अण्णा सावरले. बॉयलर मात्र त्या तपासनिसाने जागच्या जागी बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याच शरद ऋतूत त्याने तो बॉयलर तपासला होता. तो खांदे उडवून म्हणाला, "जुनं मशीन आहे. होतं असं."

ताईंचा आवाज अजिबात चढला नाही. "तुम्ही मला 'सगळं ठीक आहे' म्हणालात. तुमच्या त्या शब्दावर मी अण्णांना वर झोपवत होते." तो काहीतरी पुटपुटला आणि गेला. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बॉयलर काय, कुठलाही चांगलाच मिळेल गं. बसवणारा माणूस मिळाला पाहिजे."

त्याच दिवशी हॉस्पिटलातून सुटलेले अण्णा बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आले. ताई मात्र विजेचा हीटर लावून स्वतःच्या घरी एका खोलीत राहिल्या.

मग माणसाचा शोध सुरू झाला. एका मोठ्या कंपनीचा विक्रेता टॅबलेट घेऊन आला. बत्तिशी दाखवत म्हणाला, "आज सही करा, पुढच्या आठवड्यात घर गरम!" ताईंनी विचारलं, "तुम्ही काही वर्षांपूर्वी बसवलेला एखादा बॉयलर मला बघता येईल का?" तो गडबडला. म्हणाला, तसा पत्ता देता येत नाही, डाटेनशुट्स. ग्राहकांच्या माहितीची गुप्तता. "गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या, आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

नाशिकहून दिरांचा फोन आला. "वहिनी, थंडी पडलीये तिकडे. कुणालाही बोलवा आणि बसवून टाका ना!"

"कुणालाही बोलावलं होतं म्हणूनच ही वेळ आली, भाऊजी."

आणि ताई ऑफिसहून आल्या की बेल वाजवत हिंडू लागल्या. प्रश्न एकच. "नवा बॉयलर कुणी बसवला ते नको. बिघडल्यावर कोण येतं, ते सांगा." कुणी हसलं, कुणी हताशपणे हात झटकले. एका आजीबाईंनी मात्र त्यांना थेट आपल्या तळघरात नेलं. म्हणाल्या, "माझ्याकडे बाउमान येतो. एकदा ऐन नाताळात पाणी गळायला लागलं. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, चूक माझीच आहे, मीच हा सांधा नीट बसवला नव्हता."

ताई तिथून थेट आमच्याकडे आल्या. डोळे चमकत होते. "मिळाला! चूक करून स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस मिळाला."

बाउमान साठीचा, तुसडा गृहस्थ होता. फोनवर म्हणाला, नवीन गिऱ्हाईक घेत नाही, जानेवारीपर्यंत हात रिकामा नाही. ताई त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "मला घाई नाही. जानेवारीत या. तोवर मी दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही." तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे तोवर थंडीत बसाल?" ताई म्हणाल्या, "बसेन."

आणि बसल्या. आमच्याकडे राहायला या म्हणून मी हजारदा म्हटलं. त्या जेवायला यायच्या, अण्णांशी पत्त्यांचा डाव टाकायच्या आणि परत जायच्या. "घर एकटं सोडलं तर पाण्याचे पाइप गोठतील गं." कोट घालूनच स्वयंपाकघरात वावरायच्या. एकदा सर्दीने आवाज पार बसला, तरी निर्णय हलला नाही.

जानेवारीत बाउमान आला. जुनं धूड काढल्यावर ताईंना खाली बोलावून त्याने टॉर्चच्या उजेडात धुराड्याच्या आतली चीर दाखवली. "हे झाकून नवा बॉयलर लावता येईल. कुणाला दिसणार नाही. पण मी लावणार नाही." आधी धुराडं दुरुस्त करायचं म्हणून काम लांबलं. ताईंनी ते आनंदाने लांबू दिलं. शेवटी तोच काळ्या कपड्यातला तपासनीस पुन्हा आला, मापं घेतली आणि अंगठा वर करून गेला. त्या संध्याकाळी अण्णा घरी परतले.

पुढे ते चांगले जगले. गेले तेही आपल्याच खोलीत, झोपेत. दीर नाशिकहून आले. अंत्यविधीला एक जर्मन माणूस काळ्या सुटात मागच्या रांगेत उभा होता. ताईंनी त्याला हाताला धरून पुढे आणलं.

"भाऊजी, हे आपले बाउमान. दर हिवाळ्यात, थंडी सुरू व्हायच्या आधी अण्णांची खोली बघून जायचे." बाउमानने अवघडून हात जोडले.

घरी आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, आता इथे कुणासाठी राहायचं? चला नाशिकला."

ताईंनी रेडिएटरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी, भाऊजी. हे घर मी नीट करून घेतलंय."